अविरोध न होऊ देणारी मावशी

आमच्या गावात सरपंचाची निवडणूक कधी अविरोध झाली नाही, कारण फारमवाली मावशी ती होऊ देत नसे. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसायची, इटियाडोह धरणाच्या कालव्याच्या पाळीने चालत बसथांब्यावर जायची आणि तालुक्याला स्वतःचा फारम भरून यायची. निवडून मात्र कधीच आली नाही.

दुसऱ्याच्या बांधीत धानाची रोवणी करून पोट भरणारी बाई दर वेळी अनामत घालवते, म्हणून लोक हसायचे. पारावर एकाने विचारलंच, हरायची एवढी हौस काऊन? ती म्हणाली, "मले कुठं सरपंच व्हाचं हाय? मले मत द्याचं हाय. एकच फारम राहिला, त मत कोणाले देऊ?"

प्रचारही तसाच. दारोदार फिरायची, पण स्वतःसाठी मागायची नाही. "मत मले नको देजो, पण द्याले जाजो," एवढंच.

मी हमाली करत करत राइस मिलचा मालक झालो. भाव करण्यात मला कोणी हरवत नाही. मागच्या निवडणुकीत मी सरपंचकीचाही सौदा जमवला. गावातल्या एका टोलीला, म्हणजे वस्तीला, रस्ता कबूल केला, दुसरीला समाजमंदिर, आणि माझ्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या पाटलाला उपसरपंचपद. तो अर्ज मागे घ्यायला तयार झाला. मावशीला मात्र मी हिशेबात धरलंच नव्हतं.

तिचा फारम पडल्याचं कळताच मी तिच्या घरी गेलो. मागे घे, घरकुलाचं मी बघतो, म्हणालो. तिने चहा दिला.

"शेठ, तू पोतं खोलून पाह्यल्याबिगर धान घेत नाहीस. मंग गावानं तुले न पाहताच घ्याचं?"

माझं डोकं फिरलं. तिच्याच अंगणात उभा राहून मी तिला नको नको ते बोललो. ती कप विसळत राहिली.

मतदान होणारच म्हटल्यावर पाटलानेही अर्ज ठेवला, आणि मी पडलो. जितक्या मतांनी पडलो, त्याहून जास्त मतं मावशीला मिळाली होती. ती नसती तर तेव्हाच सरपंच झालो असतो, हे मी आजही म्हणतो. मी तिच्याशी बोलणं टाकलं.

गेल्या उन्हाळ्यात ती मिलच्या फाटकाशी आली. दम लागला होता. "या वेळी बी उभा राहजो," म्हणाली, "मी बी राहतो." मी उगाच फोन कानाला लावून पाठ फिरवली. ती जरा थांबली आणि निघून गेली. रोवणी सुरू असतानाच ती वारली. मी मयतीला गेलो नाही.

या हिवाळ्यात मी पुन्हा तोच सौदा केला. पाटील तयार झाला, गावातून माझा एकच अर्ज गेला. गुलाल उधळला, हार पडले.

आसपासच्या गावांत मतदान होतं त्या दिवशी मी शाळेवरून जात होतो. आत पोरं पाढे म्हणत होती. फाटकाशी मावशीच्या शेजारची म्हातारी बसलेली दिसली. तिला नीट दिसत नाही. मत द्यायला आली होती; आपल्या गावात मतदान नाही, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ते मी सांगितलं.

"सरपंच कोण झाला, बाबू?"

मी झालो, म्हणालो.

"मले त कोणी विचारलं नाही," ती म्हणाली.

मावशी गेली तेव्हा न आलेलं रडू मला तिथे, भर दुपारी, शाळेच्या फाटकाशी आलं.