पहिलं पान फाडलेली पुस्तकं

आमची धाकटी जाऊ म्हणजे एक अजब प्रकरण. स्वतः जेमतेम दहावी, दिवसभर शिलाई मशीनवर. आणि हिनं काय करावं? पोरीला शाळेतून काढून घरी शिकवायला घेतलं! का, तर पोरगी बोलताना अडखळते आणि वर्ग हसतो. अगं, हसण्यानं कुणी मेलंय का?

पण बाई हट्टाची. बटणं मांडून अपूर्णांक शिकवले, अस्तराच्या कापडावर खडूनं नकाशे काढले. शेजारच्या निवृत्त मास्तरांच्या पँटी फुकट आखूड करून द्यायची आणि त्यांच्याकडून गणितं समजून घ्यायची. दिरानं एकच अट घातली होती: आठवीची परीक्षा पोरगी बाहेरून पास झाली तर घरी शिकेल, नाहीतर परत त्याच शाळेत.

त्या शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकं देण्या-घेण्याचं काम माझं. एके दिवशी धाकटी तिथं आली.

"ताई, आठवीची पुस्तकं मिळतील का हो? जुनी चालतील. पोरगी इतकी भराभर शिकतेय ना!"

माझा मुलगा नुकताच आठवीत दुसऱ्यांदा नापास झाला होता. रोज शाळेत जाऊन, शिकवणी लावून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच वर्षी अभ्यासक्रम बदलला होता. जुन्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर 'रद्द' असा शिक्का मारून मी गठ्ठे बांधून ठेवले होते. त्यातला एक सोडला, प्रत्येक पुस्तकाचं पहिलं पान फाडलं आणि तिच्या हातात ठेवला. वर जुन्या प्रश्नपत्रिकाही दिल्या.

"तुमचे उपकार कसे फेडू?" म्हणाली. माझे पडदे शिवून दिले. मी लावलेसुद्धा.

पोरीनं वर्षभर ती पुस्तकं तोंडपाठ केली आणि चार विषयांत नापास झाली.

धाकटी माझ्याकडे येऊन ढसाढसा रडली. "मीच कमी पडले, ताई. तुम्ही एवढं केलंत आणि मी माती केली." खोटं कशाला बोलू, माझ्या ओठांवर आलं होतं. मी तिला पाणी दिलं आणि म्हटलं, "सगळ्यांनाच जमतं असं नाही."

सोमवारी पोरगी गणवेश घालून माझ्या खिडकीसमोर रांगेत उभी. मी तिला नवं पुस्तक दिलं. तिनं पहिलं पान बघितलं, त्यावर बोट फिरवलं. मग धडे चाळले. चाळतच राहिली. एकही ओळखीचा नव्हता. तिनं वर माझ्याकडे पाहिलं.

"का... का... काकू, ते प... प... पहिलं..."

मागची पोरं खिदळली. तिचे कान लाल झाले, पण माझ्यावरची नजर काही हटेना.

"चल, सरक पुढे," मी म्हटलं, "मागे रांग लागलीय."