आठ भागांची तलवार

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. सकाळी पावणेसहाला चार प्रौढ माणसं लाकडी तलवारी घेऊन, पाण्याच्या बाटलीला टेकवलेल्या मोबाईलसमोर उभी राहिली, की ते आपोआप साठत जातात. आमचे तीन वर्षांत इतके साठले, की शिल्पा परवा म्हणाली, “ताई, लिहून काढा. नाहीतर पुढच्या गणपतीत मोकाशी हे सगळे स्वतःच्या नावावर खपवतील!”

मोकाशी तिथेच होते. म्हणाले, “त्यातले निम्मे माझ्याच नावावर आहेत!”

तेही खरंच.

मंडळी आधी सांगते. इथे आखातात, अल रीम आयलंडवर आमचा टॉवर. पार्किंगच्या डोक्यावर एक लहानशी बाग आहे, तिथे आम्ही ताई-ची हा संथ चिनी व्यायाम करतो. मोकाशी पुण्याचे, एका कंपनीत ऑडिटर. शिल्पा दातांची डॉक्टर. परकारचाचा रत्नागिरीकडचे. जबल अली बंदरातल्या गोदामात पंचवीस वर्षं काढली, आता इथे इंजिनिअर मुलाकडे राहतात. आणि मी, नंतर आलेली. हे सगळं सुरू केलं ते माझ्या नवऱ्याने, विनयने. डॉक्टरांनी त्याला व्यायाम सांगितला आणि धावायचं नाही म्हणाले. त्याने त्याच दिवशी पांढऱ्या रेशमी कपड्यातल्या एका चिनी गुरुजींचे व्हिडिओ शोधून काढले आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याला दाखवत सुटला.

गुरुजी बोलतच नसत. फक्त करत. त्यामुळे चुका करायला भरपूर वाव होता!

*

पहिल्याच महिन्यात अपघात झाला.

गुरुजी आपल्याकडे तोंड करून उभे. त्यांनी हात उचलला की बाकीचे आरशात बघितल्यासारखे त्याच बाजूचा हात उचलत. मोकाशी ऑडिटर. ते मनात हिशेब करून उलट बाजूचा उचलत. ‘ढगांसारखे हात’ नावाची एक हालचाल आहे, त्यात दोन्ही हात फिरवत एका बाजूला सरकत जायचं असतं. सगळे डावीकडे निघाले. मोकाशी उजवीकडे निघाले. मध्ये परकारचाचा.

“गुरुजींचा उजवा तो आपला उजवा!” खाली बसूनच मोकाशी ओरडले.

चाचा कपाळ चोळत म्हणाले, “मग ते गुरुजींना सांगा, साहेब. मला कशाला पाडता?”

त्या दिवसापासून विनय आधी घरी शिकू लागला आणि पाठमोरा उभा राहून स्वतःचे व्हिडिओ करू लागला. सोफा सरकवायचा, टीपॉय माझ्या खोलीत ढकलायचा आणि मोबाईल डाळीच्या डब्याला टेकवायचा. पहिल्या व्हिडिओचं पहिलं वाक्य अजून सगळ्यांना पाठ आहे: “मित्रांनो, माझ्या पाठीकडे बघा. माझा चेहरा बघून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही!”

*

मग तलवार आली. लाकडी, लाल गोंड्याची, ऑनलाइन मागवलेली. चाचांनी मात्र विकत घेतली नाही. त्यांनी पडद्याचा जुना रॉड कापला, मुठीला सुतळी गुंडाळली आणि सुनेच्या ओढणीचा गोंडा लावला. सुनेला विचारून लावला की नाही, ते कधी कळलं नाही.

पहिल्या सकाळी विनयसकट चौघंही लिफ्टने खाली उतरले. दार उघडलं तर समोर नवा सिक्युरिटी गार्ड. चार माणसं, चार तलवारी. तो एक पाऊल मागे सरकला.

चाचा पुढे झाले. “नो प्रॉब्लेम, हबीबी. एक्सरसाइज!”

गार्डने चौघांकडे एकेक करून पाहिलं आणि अतिशय आदराने विचारलं, “सर, अगेन्स्ट हूम?”

*

विनयच्या व्हिडिओत सूचना असायच्या आणि त्या नावानिशी असायच्या. “गुडघा बोटांच्या पुढे नको. शिल्पा, घाई नको, तुझा पेशंट पळून जात नाहीये.” “चाचा, श्वास घ्या.” सगळ्यात जास्त मोकाशींसाठी. “खांदे खाली. मोकाशी, खांदे.” मग चार सेकंद काही नाही. मग पुन्हा, “मोकाशी!”

मोकाशींचे खांदे त्या चार सेकंदांत खरोखरच पुन्हा वर गेलेले असत. हे त्याला रेकॉर्ड करताना कसं कळायचं, ते आम्हाला कुणालाच कळलेलं नाही.

विनय मागच्या उन्हाळ्यात गेला. तीन दिवस हॉस्पिटलमध्ये होता. त्याबद्दल इथे एवढंच पुरे.

दोन महिन्यांनी शिल्पाचा फोन आला. “ताई, व्हिडिओ लावतो तेव्हा बाटली सारखी पडते हो. कुणीतरी धरायला हवं.”

इतकं ढिसाळ कारण मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी खाली गेले आणि बाटली धरून बसले. चार दिवसांनी चाचांनी बाटलीत वाळू भरून आणली आणि माझ्या हातात विनयची तलवार दिली. म्हणाले, “वहिनी, आता ती पडायची नाय. उठा.”

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे कित्येक महिने आमचं सगळं तिथेच अडलं होतं. तलवारीचा पूर्ण प्रकार नऊ भागांचा आहे. विनयने आठ भाग ग्रुपवर टाकले होते. नववा त्याने रेकॉर्ड केला तो आजारी पडायच्या आधीच्या रविवारी. तो त्याच्या मोबाईलमध्येच राहिला. मोबाईल माझ्याकडे. मी रोज चार्ज करत होते, पण तो व्हिडिओ उघडला नव्हता. सगळ्यांना हे माहीत होतं आणि कुणी विचारत नव्हतं. आठव्या भागाच्या शेवटी एका पायावर भार देऊन तलवार आकाशाकडे धरायची असते. आम्ही तिथवर जायचो, थोडा वेळ तसेच उभे राहायचो आणि मग कुणीतरी म्हणायचं, “यल्ला, चहा!”

*

लिन आजी नवव्या मजल्यावर राहतात. नातवंडं सांभाळायला चीनहून आल्या आहेत. त्या तीन दिवस बाकावर बसून आम्हाला बघत होत्या. खऱ्या चिनी बाईसमोर आमचं जे काय झालं ते विचारू नका! मोकाशी तर ‘पांढरा बगळा पंख पसरतो’ करताना इतके पसरले, की बाजूच्या कुंडीत गेले.

चौथ्या दिवशी आजी उठून जवळ आल्या, मोबाईलमध्ये काहीतरी बोलल्या आणि भाषांतर आमच्यासमोर धरलं. प्रश्न असा होता: ‘मी साठ वर्षं हे करते. तेराव्या हालचालीनंतर तुम्ही चौघंही दोन्ही हातांनी कंबरेशी जे करता, ते मी कुठेच पाहिलेलं नाही. हे कुठल्या घराण्याचं?’

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तेराव्या हालचालीनंतर विनय व्हिडिओत ट्रॅक पँट वर ओढतो. नाडी सैल होती. मी त्याला तीनदा सांगितलं होतं.

आम्ही चौघंही ते इतके महिने मनोभावे करत होतो. शिल्पा तर श्वास घेऊन करत होती!

मोकाशींनी घसा साफ केला आणि मोबाईलमध्ये स्वच्छ आवाजात सांगितलं, “हे आमच्या सरांचं आहे.”

आजींनी ते वाचलं आणि वाकून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी त्या आमच्या रांगेत. तेरावी हालचाल झाली आणि आजींनी डोळे मिटून, अत्यंत सुंदर लयीत, आपली पँट वर ओढली. त्यांच्या पँटला इलॅस्टिक होतं!

*

रमजानमध्ये आम्ही चाचांसाठी वेळ बदलली. इफ्तारच्या आधी अर्धा तास. एका संध्याकाळी चाचा इतके संथ, इतके स्थिर, की आम्ही आपापलं थांबवून बघत राहिलो. एक हात वर जायला मिनिटभर लागत होता. लिन आजींनीही मान डोलावली.

“चाचा, काय हा कंट्रोल!” मोकाशी भारावून म्हणाले. “आतून येतंय हे!”

“कंट्रोल कसला!” चाचा ओठ न हलवता म्हणाले. “तुमच्या बायकोने भजी आणून ठेवलीत, तिकडे बघू नये म्हणून सावकाश फिरतोय.”

*

त्याच महिन्यात कळलं, की चाचा ईदनंतर कायमचे गावी निघालेत.  आणि मोकाशींनी, मला त्रास नको म्हणून, स्वतःहून नववा भाग शोधायला घेतला. ऑडिटरच तो. तीन रात्री बसून त्यांनी कुठल्या तरी दुसऱ्या गुरुजींचा शेवट मिळवला. ते गुरुजी वयाने वीस-बावीस असावेत. त्यांचा शेवट उडी मारून होता.

“आठ इथले, नववा तिथला. जोडून टाकू,” मोकाशी म्हणाले.

आम्ही आठव्यापर्यंत गेलो. आम्ही थांबलो. मोकाशी उडाले! उडाले ते ठीक, पण खाली येताना तलवारीची मूठ हनुवटीवर बसली. तोंड धरून ते बाकावर बसले. शिल्पाने मोबाईलचा टॉर्च लावून त्यांचा जबडा उघडला आणि बराच वेळ आत बघितलं.

“काय झालं? पडलाय का?” चाचांनी काळजीने विचारलं.

“दात सगळे जागच्या जागी आहेत,” शिल्पा म्हणाली. “फक्त हा शेवट आपला नाही.”

मग तिने टॉर्च बंद केला. मी तलवारीचा गोंडा विंचरत बसले.

*

चाचांना निघायला आठ दिवस राहिले तेव्हाची गोष्ट. आम्ही आठव्या भागाच्या शेवटी पोचलो. तलवारी आकाशाकडे. “यल्ला, चहा” झालं. सगळ्यांनी तलवारी खाली घेतल्या, चाचा तसेच उभे.

“चाचा, खलास. चला,” मोकाशी म्हणाले.

“तुम्ही जा. मी असाच ठीक आहे.”

“असं काय करता?”

चाचांनी मान न वळवता माझ्याशी बोलायला सुरुवात केली. “वहिनी, मला एवढंच सांगा. ही तलवार अशीच वर धरून विमानात बसू काय? एअर होस्टेस म्हणेल, चाचा, हात खाली घ्या. मी म्हणेन, बाई, खाली कसा घ्यायचा ते मला कुणी शिकवलेलं नाही!”

सगळे हसले. मी सगळ्यांत जास्त. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग म्हटलं, “उद्या आणते.”

घरी जाऊन व्हिडिओ आधी बघितला नाही. दुसऱ्या दिवशी विनयचा मोबाईल तसाच खाली नेला आणि वाळूच्या बाटलीला टेकवला. आठ भाग झाले. तलवारी वर. मी पुढे जाऊन बटण दाबलं आणि पळत जागेवर आले.

आमचा हॉल. सोफा सरकवलेला. विनयची पाठ.

“नववा भाग. शेवटचा. यात नवीन काही नाही, फक्त परत यायचं आहे.”

तो वळला, आम्ही वळलो. तीन पावलं मागे, एक पुढे. तलवार हळूहळू खाली आली, डाव्या हातात गेली, पाय जुळले. हात बाजूला. तो उभा राहिला. आम्ही उभे राहिलो.

आणि मोबाईलमधून माझाच आवाज आला, आतल्या खोलीतून, चांगलाच तापलेला:

“विनय, पोहे दगड व्हायला लागलेत!”

“आलो, आलो!” तो म्हणाला. तलवार सोफ्यावर ठेवली आणि कॅमेऱ्यातून निघून गेला.

मोबाईल बंद करायला विसरला. पुढे नुसता सोफा, भिंत आणि अर्धी खिडकी. आतून ताटल्यांचा आवाज. मग आम्ही दोघं कशावर तरी जोरात हसतो. कशावर ते ऐकू येत नाही आणि मला आठवतही नाही. व्हिडिओ अकरा मिनिटं चालला. आमच्यातलं कुणी हललं नाही. लिन आजीसुद्धा नाहीत.

*

चाचा गेले. रॉडची तलवार बॅगेत बसेना, तर मुलाला सांगितलं, कपडे काढ, ही बसव.

महिनाभराने ग्रुपवर त्यांचा व्हिडिओ आला. गावचं अंगण, मागे माडाची रांग. चाचा पाठमोरे पुढे, आणि त्यांच्या मागे लुंग्या खोचलेले पाच म्हातारे. प्रत्येकाच्या हातात एकेक काठी, प्रत्येक काठीला वेगवेगळ्या रंगाची ओढणी. गावातल्या किती सुना त्या दिवशी ओढण्या शोधत होत्या, कोण जाणे!

सहाही जणांनी पहिल्यापासून आठव्यापर्यंत केलं. बऱ्यापैकी केलं. मग नववा. वळले, मागे आले, काठ्या खाली आल्या, पाय जुळले, हात बाजूला. सगळे स्तब्ध उभे.

मग सहाही म्हातारे एका सुरात ओरडले, “आलो, आलो!” काठ्या ओळीने ओट्यावर ठेवल्या आणि एकामागून एक कॅमेऱ्यातून निघून गेले.

पुढे अकरा मिनिटं रिकामं अंगण आहे. सातव्या मिनिटाला एक कोंबडी येते, थोडं टिपते आणि जाते.