ड्रममधला समुद्र

माझा धाकटा भाऊ यंदा ट्रॉलरवर जाणार की किनाऱ्यावरच राहणार, हे मी जयपुरात बसून लाकडाच्या चार कांड्या कशा घडवतो यावर ठरणार होतं. असं तो म्हणाला नव्हता. पण मला तसंच वाटत होतं, आणि मला एकदा काही वाटायला लागलं की ते मग जेवताना, आंघोळीला, रस्त्यात, सगळीकडे सोबत येतं.

गाव आमचं देवगडच्या बाजूचं. पुण्याहून हौशी लोक येतात, त्यांना भाऊ पुळणीवरून मासे धरायला नेतो. रॉड त्यांचे, भरतीची वेळ आणि जागा ह्याची. होडी नाही, जाळं नाही, मांडीभर लाटेत उभं राहून नकली मासा लांब फेकायचा. त्या नकली माशाला ल्यूर म्हणतात. हंगाम बरा गेला तर ठीक, नाहीतर एका ट्रॉलरच्या तांडेलाने, म्हणजे बोटीवरच्या म्होरक्याने, त्याच्यासाठी जागा धरून ठेवलेली. ट्रॉलरवर तो आधी एकदा जाऊन आलाय. दोरीत हात सापडला आणि उजव्या हाताची दोन बोटं आजही पुरती मिटत नाहीत. पुन्हा गेला तर काय, याचा विचार मी करायचा नाही असं ठरवतो आणि दिवसभर तोच करतो.

दसऱ्याच्या सुमाराला त्याचा फोन आला. "दादा, तू लाकूड काततंस मां? माका टोळ करून दी."

टोळ म्हणजे सुईसारख्या चोचीचा, लांब सडपातळ मासा. त्याच्या आकाराचं परदेशी ल्यूर कुणा पाहुण्याने त्याला दिलं होतं, चोच मोडलेलं. तेच त्याने मला नमुना म्हणून पाठवलं. पुढचे पाहुणे महिन्याभराने यायचे होते. त्यांना मासा लागला तर ते पुन्हा येणार, चार जणांना सांगणार. नाही लागला तर तांडेलाला होकार.

माझी शाळा आठवीत सुटली. मग सावंतवाडीला लाकडी खेळणी कातायला शिकलो. एका ठेकेदाराने जयपूरला आणलं आणि काम संपल्यावर तो माणूस दिसेनासा झाला. तेव्हा खातीपुऱ्यात भाजीच्या गाड्यापाशी मी आईशी फोनवर बोलत होतो, शेजारी एक बाई दुधी निवडत होत्या. फोन ठेवला तसं त्यांनी विचारलं, "कुठला रे तू?" त्या काकू. त्यांचे यजमान फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मूळ साताऱ्याकडचे. त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे जेवलो आणि तेव्हापासून त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत राहतो. खरादीच्या, म्हणजे लेथच्या, कारखान्यात मेणबत्तीचे स्टँड कातायचं काम काकांनीच बघून दिलं. अजून मी त्यांच्या गच्चीवर बादली ठेवताना आवाज होऊ देत नाही. काकू म्हणतात, अरे घर आहे, इस्पितळ नाही. तरी माझं आपलं चालूच.

टोळ घडवायचा तर आधी लाकूड. शिसवी लाकूड इथे मुबलक, पण ते जड, तार आणि गळ लावले की दगडासारखं तळाला जातं. सावंतवाडीचा पांगारा इथे कुठून आणणार. शेवटी अरडू घेतला, इथलंच हलकं लाकूड. दोन्हीकडे निमुळता कातला, मधून तार ओवली, पोटात भोक पाडून शिशाच्या गोळ्या बसवल्या. पाठीला हिरवट काळी लाखेची रेघ, पोट पांढरं, वरून वॉर्निशचे हात.

भाऊ रोज फोनवर शिकवायचा. बाकीच्या ल्यूरना पुढे ओठ असतो, ओढलं की ती वळवळतात. टोळ काही करत नाही. सरळ येतो, हळू येतो, बस. वारा समोरून असेल तर बारीक आणि जड घ्यायचा, तो लांब जातो. पाणी उथळ आणि शांत असेल तर जाड, हलका. त्याला हवा होता हळू बुडणारा. पहिल्या लाटेच्या मागे वाळूत जी घळ असते, जिताडा मासा तिथे फिरतो. टोळ तिच्यात आडवाच्या आडवा उतरला पाहिजे, नाक किंचित वर. भसकन बुडला तर वाळूत रुतणार, तरंगला तर लाट त्याला परत पायाशी आणून टाकणार.

गच्चीवर काकूंचा कपडे भिजवायचा निळा ड्रम होता. तो भरून मी एकेक टोळ सोडून बघायला लागलो. काका पायऱ्या चढून आले.

"काय रं हे, लाटणं केलंस व्हय?"

"टोळ आहे काका. मासा."

"आमच्याकडं टोळ म्हंजे पीक खाणारा."

खालून काकू म्हणाल्या, "लाटणं असतं तर कामाला तरी आलं असतं. ड्रम किती दिवस अडवणार आहेस, मतलब मी चादरी कशात भिजवू?"

पण दुसऱ्या दिवसापासून काकाच खुर्ची टाकून बसायला लागले. मी गोळी कमी-जास्त करायचो, ते झुकून बघायचे आणि "नाक खाली. फेल," म्हणायचे. शेवटी एके संध्याकाळी टोळ पाण्यात सुटला आणि एखादं पान उतरावं तसा आडवा, सावकाश तळाला गेला. काका उठून उभे राहिले. तसेच चार केले. एक माझ्याकडे ठेवला, तीन कुरिअरने पाठवले.

पाहुणे यायच्या आठवड्यात भावाचा व्हिडिओ कॉल आला. मी खरादीवरून उठून बाहेर आलो. मागे समुद्राचा आवाज.

"दादा, ते तरंगतत रे."

"असं कसं होईल?"

"बघ मां." त्याने फोन खाली धरला. टोळ पाण्यावर पडला होता, पाठीची काळी रेघ पूर्ण बाहेर. लाट आली आणि त्याला उचलून वाळूवर ठेवून गेली. "पावणे शनवारी येतले," भाऊ म्हणाला. रागाने नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं. रागावला असता तर मी उलट बोललो तरी असतो.

दुपारनंतर हातातला एक स्टँड मी मधोमध कापून टाकला. लाकूड फुगलं असेल? गोळी निसटली असेल? काका म्हणाले, कुरिअरवाल्यांनी आपटलं असणार. पण माझ्याकडचा चौथा टोळ ड्रममध्ये सोडला तर तो पूर्वीसारखाच शहाण्यासारखा बुडाला. मी गच्चीवर येरझाऱ्या घालत राहिलो. आणि मग आजोळची विहीर आठवली. लहानपणी तिथे पोहायला उतरलो की अंग जड व्हायचं, हातपाय सारखे मारावे लागायचे. आमच्या समुद्रात मात्र नुसतं पाठीवर पडून राहता यायचं. मिठाचं पाणी वर उचलतं. समुद्राकाठी जन्मलो आणि समुद्राचं ल्यूर मी बोअरच्या पाण्यात तोललं होतं.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून सांभरचं जाडं मीठ आणलं. दुकानदाराने विचारलं, "इतना नमक? अचार डाल रहे हो क्या, भैया?"

मीठ ड्रममध्ये ओतलं, काठीने ढवळलं. काकूही वर आल्या होत्या.

"किती खारट असतो रे समुद्र?"

मी ओंजळीतून थेंब जिभेवर घेतला. थोडं कमी वाटलं. आणखी मीठ घातलं. मग जास्त वाटलं, मग पुन्हा कमी. इतकी वर्षं झाली तिथून निघून, जिभेला नक्की सांगता येईना. काकू म्हणाल्या, "पिऊ नकोस, बघ नुसतं." त्या मिठाच्या पाण्याबद्दल म्हणत होत्या, पण मी ड्रमच्या तळाशी पडलेल्या टोळाकडे बघितलं. भावाच्या फोनमध्ये पाठीची रेघ जितकी बाहेर होती तितकी इथे बाहेर येईपर्यंत मीठ घालायचं, एवढंच तर होतं. मूठ मूठ घालत गेलो. टोळ तळ सोडून वर आला, अधांतरी थांबला, आणि मग काळी रेघ हळूच बाहेर आली.

"आता हा तुझा समुद्र," काका म्हणाले. "घाल शिसं."

नवे तीन टोळ त्या पाण्यात तोलले. कुरिअरवर आता भरवसा नव्हता. पण इथल्या फौजी मराठी घरांमध्ये एक रीत आहे, सुट्टीवर कोण निघालंय हे सगळ्यांना माहीत असतं आणि त्याच्या ट्रंकेत सगळ्यांचं काही ना काही जातं. काकांनी दोन फोन केले. कुडाळचा एक जवान त्याच रात्री गाडीत बसणार होता. त्याच्या ट्रंकेत आधीच कुणाची घेवर मिठाई, कुणाची रजई. काकांनी टोळांचे गळ काढायला लावले, "नायतर पोराचा युनिफॉर्म धरंल," आणि स्वतः स्टेशनवर जाऊन पुडकं दिलं. मी आभार मानायला गेलो तर म्हणाले, "ड्रम धुऊन ठेव आधी."

शनिवारी फोन आला नाही. रविवारी कारखान्याला सुट्टी. मी फोन चार्जिंगला लावला, काढला, पुन्हा लावला. वारा कसा असेल, पाहुणे रॉडला हिसके तर देत नसतील? टोळाला हिसका चालत नाही, रॉडचं टोक खाली ठेवून नुसतं हळू गुंडाळायचं असतं, आणि पैसे देऊन आलेल्या माणसाला काही न करणं फार जड जातं.

दुपारी भावाचाच फोन आला. काल काही लागलं नव्हतं, टोळ बरोबर उतरत होते पण पाहुणे थांबतच नव्हते. आज सकाळी त्यांच्यातल्या एका बाईंनी, त्यांना तसाही कंटाळा आला होता, रीळ अगदी हळू फिरवलं, गप्पा मारत. घळीवरून येताना जिताड्याने रॉड वाकवला.

"मोठो?"

"बरो. पण ते माघारी येवचे आसत, म्हणाले. आणि ऐक, मी तांडेलाक सांगलंय. यंदा येवचंय नाय."

मी गच्चीच्या कठड्याला धरून उभा होतो. खाली काकू कुणाशी तरी बोलत होत्या. यंदा, तो म्हणाला. मी विचारणार होतो, आणि पुढच्या वर्षी?

"वारो कसो आसा थंय?" मी म्हटलं.

"समोरसून. सुटलो आसा मोप."

"मग हे जाड पडतले. बारीक करून धाडतंय."