एक सोडून एक

लग्न होऊन मुळशीला आले तेव्हा आईने माझ्यासोबत एक कालवड धाडली होती. तांबडी, कपाळावर चांदणी, आणि स्वभावाने थेट माझ्यासारखी, म्हणजे सांगितलेलं न ऐकणारी. घरात कुणी रागावलं की मी गोठ्यात जाऊन तिच्या गळ्याखाली खाजवत बसायची. माहेरचं तेवढंच एक माणूस होतं तिथं.

स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झाली असतील. त्या उन्हाळ्यात पुण्याहून गुरांचे एक तरुण डॉक्टर आले. पावसाळ्यात आमच्याकडे घटसर्प यायचा. गळा सुजायचा, जनावर घुरघुरायचं आणि दुसऱ्या दिवशी दावं रिकामं. डॉक्टरांनी देवळापुढे गाव जमवलं आणि नवी लस फुकट टोचणार म्हणून सांगितलं. सगळ्यांचे चेहरे उजळले. मग ते म्हणाले, "पण एक सोडून एक. निम्म्या जनावरांना टोचायची, निम्मी तशीच ठेवायची. आजार आला तर लशीनं खरंच फरक पडतो का, हे त्याशिवाय कळायचं नाही."

लोकांना हे समजलं नाही, असं नाही. सासरे म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं. आमीबी भाताच्या राबाचा एक कोपरा न भाजता ठेवतो. मग रोपात काय फरक पडतोय ते कळतं."

बायका मागे उभ्या होत्या. आम्ही बोलायची पद्धत नव्हती, पण माझी जीभ कधी कुणाच्या ताब्यात होती? पदर सावरला आणि म्हणाले, "कोपऱ्याला डोळं नसत्यात, मामंजी. जनावर आपल्याकडं बघत मरतंय."

सासूबाईंनी चिमटा काढला. डॉक्टर मात्र माझ्याकडे वळले. "वहिनी, सगळ्यांना टोचलं आणि कुणी मेलं नाही, तर ते लशीमुळे की आजारच आला नाही म्हणून, हे कसं सांगू? आणि लस कुचकामी निघाली, तर उद्या तिच्या भरवशावर किती जनावरं मरतील?"

ते खोटं बोलत नव्हते, आणि त्याचाच मला जास्त राग आला. खोटारड्याशी भांडता तरी येतं.

"मग एक करा," मी म्हणाले. "गावात एकाचा बी गळा सुजला की तुमी यायचं अन् राहिल्याल्यांना टोचायचं. तुमचं बघून झालं का न्हाई, ते मधी आणायचं न्हाई."

डॉक्टरांच्या वरिष्ठांना हे रुचणार नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी "येईन" म्हणाले. आमचं गाव धरणात जमिनी घालवून बसलेलं. बाहेरच्या माणसाच्या शब्दावर कुणी फारसं विसंबलं नाही.

दुसऱ्या दिवशी रांग लागली. काय ती रेटारेटी! जो तो पुढची शिंगं मोजून आपलं जनावर टोचायच्या पाळीत बसवू बघत होता. आमच्यापुढे शेजारी होता. बांधावरच्या बाभळीवरून आमचं दोन घरांचं बोलणं बंद होतं. त्याच्या बैलाला लस मिळाली, माझी कालवड लशीवाचून सुटली. टोचलेल्या जनावराच्या शेपटीचा गोंडा डॉक्टर खूण म्हणून कात्रीने छाटत होते. शेजाऱ्याने बैल मुद्दाम आमच्या दारावरून नेला.

आठवडाभरात बघते तर कालवडीचाही गोंडा छाटलेला. सासूबाईंचं काम. "रोगाला काय ठावं कुणाला टोचलंय?" त्या म्हणाल्या. "शेपूट बघून जाईल फुडं." मी हसून घेतलं. पण गुरं पाण्यावर नेली तेव्हा दिसलं, गावात एकही शेपूट धड राहिलं नव्हतं. जो तो तीच अक्कल गुपचूप चालवून बसला होता.

श्रावणात खालच्या आळीतला बैल घुरघुरला आणि गेला. पाठोपाठ एक म्हैस. दोन्ही सुटलेल्यांतली. सासरे पौडाला जाऊन पुण्याला निरोप धाडून आले. मी गोठ्यातून हलेना. कालवडीचा गळा घडोघडी चाचपत होते आणि डॉक्टरांना मनातल्या मनात शिव्या घालत होते. ते येणार नाहीत याची मला खात्रीच होती.

ते आले. रस्ता खचलेला, म्हणून गुडघाभर चिखलातून, लशीची पेटी डोक्यावर घेऊन. मला रडूच आलं. मग त्यांनी रांगेतली शेपटं पाहिली आणि पेटी खाली ठेवली. "लस राहिलेल्यांपुरतीच आणलीय. आता ती ओळखू कशी?"

दोनदा टोचलं की दुप्पट ताकद, असं गावात आधीच पसरलं होतं. खोटं बोलायला कुणाची आडकाठी नव्हती.

आमच्यापुढे पुन्हा तोच शेजारी. डॉक्टरांनी सुई भरली. त्या घटकेला माझ्या मनात त्याच्याविषयी जे आलं ते लिहिण्यासारखं नाही. त्याने बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि मागे वळून कालवडीकडे पाहिलं. माझ्याकडे नाही.

"ह्याला मिळालंय," तो म्हणाला. "हिला द्या. ही ऱ्हायलीया."

बैल बाजूला बांधून तो कालवडीची शिंगं धरायला आला. तिने त्याच्या नडगीवर अशी लाथ घातली की त्याने तिच्या आणि माझ्या माहेराचा उद्धार केला. मी हसत ऐकून घेतलं. मग रांग आपोआप बोलू लागली, "मिळालंय", "न्हाई मिळालं", आणि लस कुणाला कमी पडली नाही.

पाय धुताना डॉक्टर म्हणाले, "दोन जनावरांवरून कुणी मानायचं नाही, वहिनी. लस सालभरच पुरते; पुढच्या साली पुन्हा असंच, एक सोडून एक, करावं लागेल."

"या," मी म्हणाले.

त्यानंतर गावात एकही जनावर गेलं नाही. पुढच्या साली ते आले तेव्हा कालवड गाभण होती. मी तिला स्वतः रांगेत नेऊन उभी केली. या खेपेलाही ती लशीवाचून सुटेल ही भीती होतीच, पण बोलावलं की हा माणूस येतो, एवढं मला आता ठाऊक होतं.