डिक्शनरीबाईंचं स्टूल

आम्ही तिघं भावंडं शिकलो ती एका बाईंच्या हट्टामुळे, आणि त्या बाई आमच्या ना नात्यातल्या ना गोत्यातल्या. बाबा खोक्यांच्या कारखान्यात हातगाडी ढकलायचे आणि बाई तिथल्या ऑफिसात भाषांतर करायच्या. मालकमंडळी दूर मोठ्या ऑफिसात बसत आणि त्यांना फक्त इंग्रजी कळे. त्यामुळे कारखान्यातला प्रत्येक अर्ज, प्रत्येक तक्रार बाईंच्या टेबलावरून इंग्रजी होऊन पुढे जाई. टेबलावर विटेएवढी डिक्शनरी असायची, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना डिक्शनरीबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

एकदा सुपरवायझरने बाबांविरुद्ध तक्रार लिहिली : 'हा माणूस कामात अडथळा आणतो. पॅकिंगला माल कधीच वेळेवर पोचत नाही.' दोनच ओळी, पण नोकरी जायला पुरेशा होत्या. आमची शाळा सुटणार हे आईला कळून चुकलं होतं आणि आमच्यासमोर ती उगाच हसून बोलत होती. सुपरवायझरबद्दल मी इथे काही बोलत नाही. बोलायला लागले तर थांबणार नाही.

बाईंनी कागद वाचला, पेनाला टोपण लावलं आणि एक स्टूल उचलून त्या थेट बाबांच्या खात्यात आल्या. बाबांनी गाडी जागीच थांबवली.

"बाई, तुम्ही कशाला इथं धुळीत? काय लिहायचं ते लिहून टाका की."

"न बघता काय लिहू? अडथळ्याला इंग्रजीत पाच-सहा शब्द आहेत. ऑब्स्ट्रक्ट म्हणजे वाटच अडवणं. आपल्या कारखान्याच्या नियमांत तो शब्द मुद्दाम काम अडवणाऱ्याला लावलाय. तो लागला की माणूस घरी. हिंडर त्याहून सौम्य. काम पुढं जातं, पण रखडत, कुणी मागून पदर धरून ओढल्यासारखं. आता ओढतंय कोण, ते मला बघायचंय. तुम्ही गाडी ढकला."

बाई दोन तास बसल्या. तेवढ्यात बाबांनी नऊ खेपा केल्या. दर खेपेला वळणावर गाडी अडायची. बाबा वरची खोकी उतरवायचे, गाडी तिरकी करून बाहेर काढायचे आणि खोकी पुन्हा रचायचे. कारण वळणावर एक लोखंडी कपाट हातभर पुढे आलं होतं. गाडी घासून घासून त्याच्या कोपऱ्याचा रंग पार उडाला होता. कपाट सुपरवायझरचं. रजिस्टरं हाताशी हवीत म्हणून त्यांनीच ते तिथे आणवलं होतं.

"हे कुणाला सांगितलं नाहीत?" बाईंनी विचारलं.

"मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, बाई?"

"मांजराला इंग्रजी येत नाही, ते एक बरं आहे," बाई म्हणाल्या आणि स्टूल घेऊन परत गेल्या.

तक्रारीतली एकही ओळ त्यांनी गाळली नाही. शब्द लिहिला तो हिंडर, आणि खाली स्वतःच्या सहीने टीप जोडली : माल रखडतो हे खरं, पण तो कपाटामुळे रखडतो, मी जागेवर बसून पाहिलं आहे. चार दिवसांनी उत्तर आलं, कपाट हलवा. सुपरवायझरचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. त्यात कपाट न्यायला गाडी हवी, म्हणून बाबांनाच बोलवावं लागलं. हे सांगताना हसू लपवायला बाबा अजून खोटं खोटं खोकतात.

बाबा आभार मानायला गेले, तर बाईंचा चेहराच उतरला.

"माझे कसले आभार? पूर्वी आपल्या गेटवाल्याची अशीच तक्रार आली होती, गेट वेळेवर उघडत नाही म्हणून. मी खुर्चीत बसून ऑब्स्ट्रक्ट लिहून मोकळी झाले. त्याची नोकरी गेल्यावर कळलं, कुलूप गंजलेलं होतं. तेव्हापासून मी हे स्टूल घेऊन हिंडते. त्याला तोंड दाखवायचा धीर मात्र अजून होत नाही."

बाबा भिडस्त खरे, पण पुढच्या सुट्टीला विचारत विचारत गेटवाल्याच्या घरी पोचले. तो अंगणात सायकल दुरुस्त करत होता. बाबांनी त्याला कपाटाची सगळी हकिगत सांगितली. बाईंचे उपकार तर मी जन्मात विसरणार नाही, पण त्या माणसाचेही विसरणार नाही. त्याला मी कधी पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर बाबा बाईंच्या टेबलाशी गेले आणि गेटवाल्याला भेटून आल्याचं सांगितलं.

"काय म्हणाला?" बाईंनी वर न बघताच विचारलं.

"हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, बाई आता जागेवर येऊन बघतात ना, मग माझं जाणं अगदीच वाया गेलं नाही."

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा पुसला. मग उठून कोपऱ्यातलं स्टूल उचललं.

"चला, मला त्यांच्याकडे न्या."

"स्टूल कशाला, बाई?"

"बसायला लागेल. त्यांचं बरंच ऐकायचं राहिलंय."