तिघांत दोघं म्हणतील ते

अख्ख्या ऊर्जानगरात धुळीशी वैर घेऊन जगणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या वाट्याला मेहुणा म्हणून आला. वीजकेंद्राच्या राखेने जिथे सकाळी वाळत घातलेला सदरा दुपारी दुसऱ्याचा वाटतो, तिथे हा पठ्ठ्या चार्जरची पिनसुद्धा खिशातल्या मऊ फडक्याने पुसून मग लावतो. त्याचाही इलाज नाही. परदेशातल्या एका प्रयोगशाळेत, जमिनीखालच्या बोगद्यात, अणूहून बारीक कण एकमेकांवर आदळवतात. त्या टकरींची खबर केसाएवढ्या काचेच्या तंतूंतून, प्रकाशाच्या रूपात, डोळ्याचं पातं लवायच्या आत वर पोचवायची ही याची नोकरी. तंतूच्या तोंडाशी धूळ बसली की खबर अडली, तंतू फार वाकला की प्रकाश बाहेर सांडला. म्हणून सुट्टीत घरी आला की माझी बायको कपड्यांची दोरी गुंडाळतानाही हा ओरडतो, "ताई, येवढी करकचून नको वळवू वं!" आमच्या घरात दोरी, वायर, नळी, सगळं भल्यामोठ्या वेटोळ्यांत पसरलेलं असतं. एकदा त्यात पाय अडकून पाहुणा आपटला, तेव्हा याने धावत जाऊन आधी वायर तपासली.

पण धूळ परवडली, त्याचं तिपटीचं वेड नको. बोगद्यातल्या किरणांच्या माऱ्याने तिथल्या चिपांचं डोकं मधूनच फिरतं, 'हो'चं 'नाही' होऊन बसतं. म्हणून प्रत्येक गोष्ट तीन जागी ठेवायची आणि तिघांत दोघं म्हणतील ते खरं धरायचं. हे तत्त्व त्याने घरी आणलं. गजराची घड्याळं तीन. रस्ता विचारणार तोही तिघांना. धानोऱ्याच्या जंगलात तिसरा माणूस भेटेपर्यंत आम्ही मोहाच्या झाडाखाली बसून होतो, आणि भेटला तो आमच्यासारखाच वाट चुकलेला! निरोप घेतानाही "येतो, येतो, येतो." का, तर "भाऊजी, एखादा रस्त्यात हरपला तरी दोन त पोचतीन."

गेल्या सुट्टीत त्याला अहेरीची मुलगी दाखवली. तिने चहा दिला, याने सवयीने कपाची कड पुसली.

"धुतला हाय जी कप," ती म्हणाली.

"भरोसा हाय तुमच्यावर. मले आदतच हाय."

तिने चष्मा काढून पुढे केला. "मंग हा बी पुसून द्या."

परतीच्या वाटेवर गडी गाणं म्हणत होता. दोन दिवसांनी मात्र तिच्या वडिलांचा फोन आला, इतक्या दूर मुलगी द्यायची नाही. पाठोपाठ मुलीच्या आत्याने फोन घेतला, तिचंही तेच. तिघांत दोन 'नाही'! याने बॅग भरायला घेतली. डोळे लाल. म्हणे, राख गेली.

"काऊन रे, तिसरी कोन हाय? पोरीले विचारलं का?" बायकोने बॅगच उलटी केली.

"ताई, आता तिचं मत कायले? दोघायचं जमलं."

"लगन तिच्या बापासंग लावून राह्यला का?"

त्याने पहिल्यांदाच फडकं डोळ्यांना लावलं. मी मोटारसायकल काढली, त्याला मागे बसवलं आणि भर उन्हात अहेरी गाठली. आठवडी बाजारात ती भाजी घेत होती. हा तिच्यासमोर उभा राहिला खरा, पण फडक्याचा पार बोळा झाला होता.

"तुमच्या घरचे दोघंही नाई म्हनले."

"माह्यं हो हाय," ती म्हणाली. "बाबाले मी समजावीन."

दुसऱ्या-तिसऱ्यांदा विचारणार म्हणून मी कान टवकारून होतो. त्याने विचारलंच नाही! एकदा ऐकलं आणि खरं मानलं, नुसता हसत राहिला. मला इतका आनंद झाला की मी नको असलेली पिशवीभर वांगी घेऊन टाकली.

लग्न झालं, आता दोघंही परदेशातच असतात. तिने त्याला बरंच माणसात आणलंय. यंदा सुट्टी संपवून निघताना बसच्या खिडकीतून त्याने हात हलवला, "येतो भाऊजी" म्हणाला आणि काच सरकवून घेतली. बस गेली तरी मी तिथेच उभा होतो. शहाणा झाला, चांगलंच झालं. पण घरी येऊन मी बायकोने घट्ट गुंडाळलेली दोरी सोडवली आणि मोठ्या वेटोळ्यात टाकली. तिनेही शेजारची वायर सैल करून पसरली. उरलेले दोन "येतो" तिलाही ऐकायचे होते.