अण्णांचा अल्सर

"आठ," अण्णा म्हणाले. "पण तुम्ही शून्य लिवा."

"शून्य का?"

"पोरगा बघंल ना."

दुखण्याला नंबर द्यायला सांगणं हे आमचं रोजचं काम. काहीच दुखत नसेल तर शून्य, अजिबात सोसवत नसेल तर दहा. मी नाशिकच्या एका कॅन्सर हॉस्पिटलमध्ये मेडिकल सोशल वर्कर होते. जो आजार आता बरा होणार नाही, त्यातलं दुखणं, उलट्या, झोप, मनाची घालमेल हे सगळं सांभाळायचं आणि पेशंट गेल्यावर घरच्यांकडेही बघायचं, याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. तेव्हा हा शब्द आम्हालाही नवा होता. आमच्या विभागाच्या मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे सरांनी, त्यावर एक स्टडी काढला होता. अशा पेशंटला घरी जाऊन बघितलं तर काही फरक पडतो का, हे तपासायचं. मी आणि सिस्टर लता स्कूटीवरून घरोघरी जायचो. ती औषधं बघायची, मी माणसं.

अण्णांची मखमलाबादला पिठाची गिरणी होती. पुढे गिरणी, मागे दोन खोल्या, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. तेही छतापर्यंत पोचलेलं नव्हतं. सगळं आयुष्य गिरणीच्या आवाजात गेल्यामुळे या घरात सगळे ओरडूनच बोलायचे. गिरणी बंद असली तरी.

अण्णांना पोटाचा कॅन्सर होता आणि तो लिव्हरपर्यंत गेला होता. त्यांचा मुलगा सुनील मला पहिल्याच दिवशी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बाजूला घेऊन गेला.

"मॅडम, अण्णांना अल्सर सांगितलाय. तो शब्द त्यांच्यापुढं काढू नका. लय हळवे आहेत, खचतील."

"अहो, पण हॉस्पिटलच्या दारावर एवढा मोठा बोर्ड आहे."

"म्हणून तर मी त्यांना मागच्या गेटनं आणतो."

मागच्या गेटमधून शिरलं की आधी लाँड्री लागते. अण्णांना दर वेळी ओल्या चादरींमधून वाट काढत यावं लागत असणार.

पुढच्या आठवड्यात मी घरी गेले. सुनील पुढे चालू गिरणीवर दळण घेत होता. अण्णांनी मला खाटेजवळ बोलावलं.

"ताई, एक काम करा. सुनीलला कळू देऊ नका."

"काय कळू देऊ नको?"

"मला कॅन्सर हाय ते. पोरगं भोळं हाय. त्याला वाटतं अल्सर हाय. कळलं तर हातपाय गाळंल, गिरणी बंद पडंल."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पयल्या दिवशीच. हा मला मागून नेतो खरा, पण रिक्षा पुढूनच वळती ना. मला वाचता येतं."

चहाचा कप घेऊन मी स्वयंपाकाच्या कोपऱ्यात गेले, तर अण्णांच्या पत्नी माईंनी पदर सावरत हळूच, म्हणजे त्यांच्या मानाने हळूच, सांगितलं, "दोघांलाबी ठाव हाय. पण दोघंबी मला म्हणत्यात, त्याला सांगू नको. मी दोघांलाबी हो म्हणते."

या प्रकाराला आमच्या पुस्तकात एक भारदस्त इंग्रजी नाव आहे. साधा अर्थ असा की घरातले सगळे एकमेकांना वाचवायला एकमेकांशी खोटं बोलतात आणि मग एकेकटे रडतात. हे बहुतेक घरांत असतं. इथे मात्र त्याची किंमत अण्णांच्या पोटाला मोजावी लागत होती. साध्या गोळ्या आता लागू पडत नव्हत्या, मॉर्फिन द्यायला हवं होतं. सुनील म्हणाला, "नको, ती गोळी कॅन्सरला देतात हे अण्णांना माहितीये. लगेच ओळखतील." अण्णा म्हणाले, "नको, ती गोळी दिसली की पोरगं ओळखंल." त्यामुळे गोळी हॉस्पिटलच्या कपाटात आणि अण्णा उशी पोटाशी दाबून खाटेवर. सुनील खोलीत आला की उशी बाजूला जायची आणि नंबर शून्य व्हायचा.

सरांनी माझे कागद बघितले.

"एकाच पेशंटचा एकाच दिवशी आठ आणि शून्य? यातला खरा कोणता?"

"आठ, सर. शून्य मुलासमोरचा."

"मग मॉर्फिन सुरू करा."

मी सगळी कथा सांगितली. सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "गुपित आपण फोडायचं नाही. पेशंटचा विश्वास गेला की सगळंच गेलं. पण त्या माणसाला असं तळमळतही ठेवायचं नाही. दोघांची वेगवेगळी परवानगी काढा. एकदा दोघांनी हो म्हटलं की समोरासमोर बसवू. आणि मुलाखत प्रायव्हेट पाहिजे. स्टडीची अट आहे."

प्रायव्हेट! त्या घरात माईंनी लसूण सोलला तरी गिरणीच्या ओट्यावर कळायचं. शेवटी मला युक्ती सुचली. गिरणी जोरात चालू असताना जायचं. मागच्या खोलीत मी अण्णांशी बोलेन, पार्टिशनच्या पलीकडे, गिरणीच्या बाजूला, लता सुनीलशी बोलेल. गिरणीपुढे कुणाचं कुणाला ऐकू जाणार नाही. गिरणीवर तेवढा वेळ माई उभ्या राहतील.

शनिवारी गेलो. ओट्यावर बायकांचे दळणाचे डबे रांगेत लागलेले. गिरणी अशी धडधडत होती की खाटेवरचा तांब्या हलत होता. मी अण्णांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "अण्णा, सुनीलला खरं सांगू या का?"

"काय?"

"खरं! सांगू या का?"

अण्णा उठून बसले, पोटावर हात दाबला आणि सगळा जोर लावून ओरडले. तेवढ्यात लाइट गेली. गिरणीची धडधड एकदम थांबली.

"मला कॅन्सर हाय हे सुनीलला सांगायचं नाय!"

त्याच क्षणी पार्टिशनच्या पलीकडून सुनीलचा आवाज आला, तेवढाच मोठा.

"अण्णांना कॅन्सर आहे हे त्यांना कळता कामा नये!"

गिरणीचा पट्टा फिरत फिरत थांबल्याचा तेवढा आवाज आला. लता पार्टिशनच्या कडेने डोकावली. तिचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. मला वाटलं, माझी नोकरी गेली आणि सरांचा स्टडीही गेला.

बाहेर ओट्यावरून एका बाईचा आवाज आला. "माई, आमाला तर संक्रांतीपासून ठाव हाय. माझं बाजरीचं दळण झालं का तेवढं सांगा."

अण्णा हसायला लागले. हसताना पोटात कळ आली म्हणून कण्हले, आणि कण्हत परत हसले. सुनील आत आला. त्याने हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. तो खाटेशी बसला आणि अण्णांच्या पायावर डोकं ठेवून हमसून रडला. अण्णा त्याच्या पिठाने पांढऱ्या झालेल्या केसांवरून हात फिरवत राहिले.

"मागच्या गेटानं नेतो व्हय रं मला? त्या ओल्या चादरींतून?"

"मग काय करू अण्णा?"

माई दारात येऊन उभ्या राहिल्या. "झालं का दोघांचं बोलून? मग मी चहा ठेवते."

मॉर्फिन त्याच संध्याकाळी सुरू झालं. काही दिवसांत नंबर तीनवर आला, आणि आता तो सुनीलसमोरही तीनच असायचा. अण्णांना झोप लागू लागली. खुर्ची टाकून ते गिरणीशी बसायला लागले. गिरणीच्या दगडांना टाकी लावावी लागते, म्हणजे झिजलेल्या खाचा छिन्नीने परत काढाव्या लागतात. ते काम अण्णांनी कधी कुणाला करू दिलं नव्हतं. आता ते मोकळेपणाने म्हणायचे, "मी गेल्यावर कोण करणार? धर छिन्नी." आणि सुनीलने छिन्नी धरली की, "अशी नाय रं, दगड हाय तो, भोपळा नाय!" शिव्या ओट्यापर्यंत ऐकू जायच्या.

पावसाळा संपता संपता अण्णा घरीच वारले. माई उशाशी होत्या, सुनील पायाशी. फार दुखलं नाही.

पेशंट गेल्यावरही काही महिन्यांनी घरी जायचं, हा आमच्या स्टडीचा भाग होता. माईंना झोप येत नव्हती. त्यांना मी आमच्या डॉक्टरांकडे पाठवलं. सुनील म्हणाला, "मॅडम, एरवी आमच्यात दळण सोडून बोलणंच नव्हतं. शेवटी शेवटी लय बोललो."

सरांनी अण्णांची केस स्टडीतून वगळली. मुलाखत प्रायव्हेट झाली नव्हती, आणि शेजारच्या बायकाही ऐकत होत्या. नियमाप्रमाणे सर बरोबर होते. पण त्यानंतर त्यांनी आमच्या पहिल्या भेटीत एक प्रश्न वाढवला. तो थेट पेशंटला विचारायचा: तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय माहीत आहे, आणि घरात कुणाला सांगू?

मी रिटायर होईपर्यंत तो प्रश्न विचारत राहिले. पेशंटला किती माहीत आहे हे नातेवाइकांना विचारू नये, एवढं मी नवीन मुलींना शिकवलं. पेशंटलाच विचारावं. बहुतेक वेळा खरं सांगायला आपण पोचायच्या आधीच तो तिथे पोचलेला असतो, आणि घरच्यांना कसं सांगावं या काळजीत बसलेला असतो.